आवाजाची परवानगी

मालवणात मला अजून 'पेंटर' म्हणूनच हाक मारतात. ब्रश हातात धरून जमाना झाला, पण बाजारातून चाललो की कोणीतरी "ओ पेंटर" करतोच, आणि मीही थांबतो. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, होड्यांवरची नावं, सगळं मी रंगवलं. होडीवरचं नाव लिहिताना तिचा मालक शेजारी उभा राहून प्रत्येक वेलांटीवर नजर ठेवायचा. देवाचं नाव असलं तर मी त्या दिवशी मासे खाल्लेत का, हेही विचारून घ्यायचा.

मग फ्लेक्स आले. माझी पाटी सुकायलाच जेवढा वेळ लागायचा, त्याहून कमी वेळात यंत्रातून अख्खा बोर्ड बाहेर पडू लागला. मी कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायला शिकलो. पुढे खानावळवाले, होमस्टेवाले म्हणू लागले, "पेंटर, आमचा मोबाइलवरचा पेजपन तुमीच बघा." आता माझा धंदा तोच. आमच्याकडे पेज म्हणजे सकाळची तांदळाची पेज. मी लोकांचं पेज सांभाळणार असं घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "सांभाळा, पन करपाक देव नकात."

करपण्याचे प्रसंग बरेच आले. परक्या माणसाला हे काम सोपं वाटतं: फोटो टाकायचे, दोन ओळी लिहायच्या, कोणी विचारलं तर खोलीचे भाव सांगायचे. खरं काम वेगळंच आहे. आपण काय टाकतोय, ते आपलं आहे का, हे बघणं. इंटरनेटवर दिसतं ते सगळं रस्त्यावर पडलेलं आहे, अशी लोकांची समजूत असते. फोटो ज्यानं काढला त्याचा असतो. त्यानं तो जगाला दाखवला म्हणजे जगाला देऊन टाकला असं होत नाही. घरच्या घरी बघून कोणी खूश झालं तर कोणी विचारत नाही, पण तुम्ही तो तुमच्या धंद्यासाठी लावलात की मालक विचारू शकतो, आणि विचारतो. खाली 'साभार' लिहून भागत नाही. साभार म्हणजे आभार मानून उचललेलं, एवढंच.

एका हॉटेलवाल्यानं माझ्याकडे येण्याआधी आपल्या पेजवर समुद्राचा फोटो लावला होता. पाणी असं निळंशार की तळाची वाळू दिसावी. तो फोटो कुठल्यातरी परदेशी बेटाचा होता. गिऱ्हाइकं यायची, सामान ठेवायची आणि पहिलं विचारायची, "ते पाणी कुठे आहे?" हा बिचारा कधी भरती सांगायचा, कधी ओहोटी. शेवटी फोटो काढणाऱ्याचाच निरोप आला तेव्हा त्याची भरती-ओहोटी संपली. दुसऱ्या एका खानावळीनं जेवायला आलेल्या कुटुंबाच्या लहान मुलीचा, बांगड्याचा काटा चोखतानाचा फोटो लावला. पोर गोड होती. पण तिच्या आईनं फोन करून सुनावलं, "माझी मुलगी तुमची जाहिरात करायला आली नव्हती." तिचं बरोबर होतं. फोटो खानावळवाल्यानं स्वतः काढला होता, पण चेहरा त्याचा नव्हता.

हे सगळं सांगतोय ते विलासच्या गोष्टीसाठी. माझ्या या दुसऱ्या धंद्यात मला जे काही मिळालं, त्यातलं सगळ्यात मोठं त्या एका प्रकरणात मिळालं.

विलासचा होमस्टे मालवणहून देवबागकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. माडांमध्ये चार खोल्या, पुढे समुद्र. चाळिशीचा, मेहनती, तोंडानं फटकळ माणूस. त्याचं पेज तो स्वतःच चालवायचा. दिवाळीचा सीझन तोंडावर आला तेव्हा एका सकाळी धापा टाकत माझ्या दुकानात आला.

"पेंटर, माझो पेज बंद पडतलो. बघा ह्या काय इलासा ता."

मोबाइलवर सूचना होती. त्याच्या एका व्हिडिओतल्या गाण्यावर गाण्याच्या मालक कंपनीनं हरकत घेतली होती. व्हिडिओचा आवाज बंद केला होता आणि पेजला ताकीद दिली होती. आणखी एक तक्रार आली तर पेज बंद.

तो व्हिडिओ मला माहीत होता. मालवणात कोणाला माहीत नव्हता? पहाटेची वेळ, किनाऱ्यावर रापण ओढताहेत. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि मग किनाऱ्यावरची माणसं दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ओढून ते बाहेर काढतात. त्या दोरीवर सगळ्यात पुढे जनातात्या. काळा, सडसडीत, डोक्याला पंचा, पाय वाळूत रुतलेले, तोंडानं काहीतरी मोठ्यानं सांगत असलेले. मागच्या माडांतून सूर्य वर येतोय. त्याच्यावर विलासनं एक सिनेमातलं गाणं चढवलं होतं. हजारो लोकांनी तो बघितला. विलासकडे येणारा दर दुसरा पाहुणा तोच बघून यायचा.

"गाणा काढून टाकला की झाला मां?" विलास म्हणाला.

मी विचारलं, "व्हिडिओ कोणी काढलान?"

विलास मोबाइलची काच पुसू लागला.

"विलास?"

"एक चेडू इल्ला कोल्हापूरचा, आईबापाबरोबर. माझ्याकडे नाय, पलीकडे रवलेला. तेच्या पेजवरसून घेतलंय. मग काय झाला? जाहिरात तर तेचीपन झाली."

व्हिडिओच्या कोपऱ्यात त्या मुलीचं नाव होतं, तेवढी पट्टी त्यानं कापून टाकली होती.

मी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, या एका व्हिडिओला तीन कुलपं आहेत. गाणं एकाचं. ते माणसानं आपल्या वाढदिवसाच्या व्हिडिओवर लावणं वेगळं, आणि धंद्यासाठी लावणं वेगळं. व्हिडिओ दुसऱ्याचा, त्या मुलीचा. आणि चेहरा तिसऱ्याचा, जनातात्यांचा. तुझ्याकडे एकाचीही किल्ली नाही.

"जनातात्या आता खंय आसत?" विलास हळू आवाजात म्हणाला.

ते खरं होतं. व्हिडिओ काढला त्यानंतरच्या पावसाळ्यातच जनातात्या गेले. समुद्रात नाही, घरी, छातीत दुखून. आयुष्यभर लाटांत उभा राहिलेला माणूस अंथरुणात गेला, याचंच लोकांना नवल वाटलं होतं.

मी माझ्या ओळखीच्या वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा हक्क घरच्यांकडे जातो की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही. पण तुमचा समुद्र, तुमचा शेजारी. मला विचारताय कशाला? त्यांच्या बायकोला विचारा."

सुलोचनावयनी, जनातात्यांची बायको, मालवणच्या मच्छी मार्केटात बसते. मी तिच्याकडून वर्षानुवर्षं मासे घेतोय. तिच्यासमोर सरंगा, सुरमई, थोडी कोळंबी होती आणि भाव करणारं एक गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत मी आणि विलास बाजूला उभे राहिलो. मग मी सगळं सांगितलं. तात्यांचा व्हिडिओ पेजवर ठेवायला तुमची हरकत आहे का, म्हणून विचारलं.

तिनं पाण्याचा हात माशांवर फिरवला. वर बघितलं नाही.

"पेंटरभावजी, तो व्हिडिओ माका शेजारची बायल दाखयता. मी एकदाच बघितलंय. परत बघूक नाय."

"वाईट वाटता म्हणान?"

"वाईट कित्याक वाटात? पन त्येत त्येंचो आवाज खंय आसा? त्येंचा तोंड हलता आणि बाई गाता."

आजूबाजूच्या बायका हसल्या. तीही थोडी हसली. मग म्हणाली, "आमच्या घरात त्येंचो फोटो आसा. आवाज खंयच नाय. फोन होतो तो साधो, बटनांचो. कधी कधी माका वाटता, कसे हाक मारी होते ताच इसरान जातलंय. त्या व्हिडिओत ते काय बोलतत, ता माका ऐकूचा आसा. मग तुमी लावा, नाय तर काढा. माका काय नाय."

आम्ही मोटारसायकलवरून दुकानात परत आलो.

आवाज आमच्याकडे नव्हताच. विलासनं गाणं चढवून मूळ आवाज पुसला होता आणि मूळ प्रत ठेवली नव्हती. असला तर तो त्या कोल्हापूरच्या मुलीकडे, पण तिच्या पेजवरूनही तो व्हिडिओ आता निघालेला होता. तिनं कधी काही लिहिलंय का, म्हणून मी विलासच्या पेजवर आलेले निरोप चाळायला घेतले. अनोळखी माणसांचे निरोप एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतात. तो कप्पा विलासनं कधी उघडलाच नव्हता. त्यात तिचे दोन निरोप होते. पहिला सभ्य: हा व्हिडिओ मी काढलेला आहे, वापरण्याआधी विचारलं असतं तर आनंदानं दिला असता. दुसरा बराच नंतरचा: तुम्ही माझं नाव कापलंत आणि उत्तरही देत नाही, मला तक्रार करता येते, हे लक्षात ठेवा. खाली नाव, मधुरा.

आता खरी पंचाईत झाली. व्हिडिओ गुपचूप काढून टाकला असता तर विलास सुटला असता. मुलगी कदाचित विसरूनही गेली असेल. तिला लिहिलं तर आपण होऊन चोरी कबूल केल्यासारखं. तिनं रागानं एक तक्रार ठोकली की पेज बंद, आणि तेही दिवाळीच्या तोंडावर. विलासची सगळी बुकिंगं पेजवरून यायची. बायको खोल्या आवरायची, तो स्वतः स्वयंपाक बघायचा. दुसरं उत्पन्न नाही. मी त्याला हे सगळं दोन्ही बाजूंनी सांगितलं. निर्णय त्याचा होता. पेज त्याचं, पोट त्याचं.

"निजलेल्याक उठवचा कित्याक, पेंटर?" तो म्हणाला. एवढं बोलून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बसला नाही, दारातच उभा राहिला.

"लहानपनी माका तात्यानीच पोहूक शिकवलेल्यानी. मी बुडाक लागलंय की वराडत, 'हात मार रे, हात मार!' काल घराकडे गेलंय आणि तो आवाज आठवूक बघलंय. शब्द आठावले. आवाज नाय आठावलो." मग म्हणाला, "लिवा तेका. काय होतला ता होतला."

आम्ही व्हिडिओ आधी उतरवला आणि मग तिला लिहिलं. मी मजकूर करून देतो म्हटलं तर विलास म्हणाला, नको, मीच सांगतो, तुम्ही फक्त शुद्ध करा. काय उचललं, नाव कसं कापलं, निरोप का वाचले नाहीत, सगळं त्यानं सांगितलं. शेवटी माझा फोन नंबर दिला.

उत्तर येईना. विलास रोज विचारायचा. बुकिंगं येत होती आणि प्रत्येक बुकिंगसरशी त्याचा चेहरा आणखी पडत होता, कारण पेज उद्या असेल की नाही याची खात्री नाही. मी एवढं सांगितलं पाहिजे की त्या दिवसांत त्यानं एकदाही 'तुमच्यामुळे' असा शब्द काढला नाही.

मग एका दुपारी मला फोन आला.

"मी मधुरा बोलतेय. व्हिडिओ काढून टाकलात, बरं केलंत. दोन वर्षं वापरून काढलात. आता माझ्याकडून अजून काय हवंय?"

आवाज तापलेला होता. मी ऑफिसची मराठी सुरू केली, दिलगिरी वगैरे, पण ती माझ्याच तोंडात कोरडी पडली. मग सरळच सांगितलं, "बाई, त्या व्हिडिओतले दोरीवरचे गृहस्थ वारले. त्यांच्या पत्नीकडे त्यांचा आवाज नाही. तुमच्याकडे मूळ व्हिडिओ असेल तर तो विलासला देऊ नका हवं तर, पण त्यांना ऐकवा."



"ते गेले?" ती म्हणाली. आवाज एकदम वेगळा झाला होता. "त्यांनी मला दंडाला धरून बाजूला केलं होतं. मी व्हिडिओच्या नादात दोरीत पाय अडकवणार होते. चिडले नव्हते. हसत होते." मग म्हणाली, "माझा तो मोबाइल पाण्यात पडला, काका. पण तेव्हाचे काही व्हिडिओ मी आईला पाठवले होते. शोधते. वचन देत नाही."

चार-पाच दिवसांनी तिचा निरोप आला. आईच्या मोबाइलवर सापडला होता. मी लिहिलं, पाठवता का? तिचं उत्तर आलं, "पाठवत नाही. घेऊन येते."

आणि खरंच आली. आईला घेऊन, एसटीनं, फोंडाघाट उतरून. तिशीची असेल, चष्मा, खांद्याला झोळी, शाळेत शिकवते म्हणाली. विलास स्टँडवर गेला होता. तिच्यासमोर कसं उभं राहायचं, हे त्याला कळत नव्हतं. तिनं त्याला नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हीच का ते?" विलास "हो" म्हणाला. मग तिच्या आईनं मध्ये पडून विचारलं, इथे चहा कुठे मिळेल, आणि तो अवघड क्षण टळला. त्या माउलीचेही माझ्यावर उपकार आहेत.

सुलोचनावयनीच्या घरापुढच्या खळ्यात आम्ही बसलो. ती बाजारातून येऊन, आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. मधुरानं मोबाइल तिच्या हातात दिला आणि कसा चालू करायचा ते दाखवलं. वयनीनं तो दोन्ही हातांत धरला, पण बोट लावेना.

"तूच लाव गो चेडवा," म्हणाली.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग लाटा. मग माणसांचा एकत्र हुंकार, दोरी ओढतानाचा. आणि त्यावरून जनातात्या, घोगरे, मोठे, "ओढ रे, ओढ! सोडू नकात!" मी त्या माणसाला शंभरदा भेटलो होतो आणि मीही तो आवाज विसरलो होतो.

व्हिडिओ पेजवरच्याहून लांब होता. विलासनं पुढचा भाग कापला होता. त्यात चित्र हललं, वाळू दिसली, एक पाय दिसला, आणि तात्या जवळ येऊन म्हणाले, "अगो चेडवा, बाजूक हो. दोरी पायाक लागात." मग हसले. "फोटो काडतंस? काड, काड. आणि माझ्या घरकारणीक दाखय. ती म्हणता, मी कामच करणंय नाय."

व्हिडिओ संपला.

घरकारीण म्हणजे बायको, हे मधुराच्या आईला सांगावं लागलं नाही. वयनी मोबाइलकडे बघत होती. मग तिनं त्याच्यावरच डोळे वटारले.

"खोटा बोलतासात," ती म्हणाली. "कधी म्हटलंय मी तसा?"

आणि मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मधुरा उठून तिच्याजवळ जाऊन बसली. "त्यांनी मला तुम्हाला दाखवायला सांगितलं होतं," मधुरा म्हणत होती. "मी ऐकलंच नाही. मालवणी कळली नाही मला. मी नुसतं हसले आणि निघून आले." वयनी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "दाखवलंस मां आता? मगे झाला तर."

तिनं तो पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा ऐकला. शेजारच्या बायका येऊन दारात उभ्या राहिल्या, त्यांनीही ऐकला. विलास माडाला टेकून पाठमोरा उभा होता.

चहा झाल्यावर मधुरानं स्वतःच विषय काढला. "विलासदादा, व्हिडिओ पेजवर लावा. माझी परवानगी आहे, लेखी देते. फक्त माझं नाव कापू नका."

विलासनं मान हलवली आणि वयनीकडे बघितलं. तिसरं कुलूप तिचं होतं. या वेळी त्याला ते मला सांगावं लागलं नाही.

वयनीनं थोडा विचार केला. "लावा," ती म्हणाली. "लोक तेंका बघूदेत. चांगले दिसतत. पन आवाज नको."

"अगो वयनी, आवाजच तर..." विलास म्हणायला गेला.

"नको. ता त्येनी माका सांगितलेला आसा."

विलासनं लगेच ते मान्य केलं.

मधुरानं व्हिडिओ वयनीच्या सासरी गेलेल्या मुलीच्या मोबाइलवर पाठवून दिला आणि त्याची आणखी एक प्रत मी करून ठेवली, फक्त वयनीसाठी. ती अधूनमधून दुकानात येते, ऐकते आणि जाते. मधुरा आता दर हिवाळ्यात येते, विलासकडेच उतरते आणि पहाटे रापणीला जाते. वयनी तिला दोरीपासून लांब उभं राहायला सांगते.

माझ्या धंद्याला बाहेरचे लोक कटकटीचा म्हणतात. इथे हे चालत नाही, तिथे ते चालत नाही, प्रत्येक गोष्टीला विचारा. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पाट्या रंगवण्यात जो मोकळेपणा होता तो यात नाही, याची खंतही आहे. पण विचारायला गेलो म्हणून मी त्या खळ्यात बसलो होतो. मी मधुराचा ऋणी आहे, कारण तिला रागावायचा हक्क होता आणि ती एसटीत बसली. विलासचा आहे, कारण त्याला गप्प राहता आलं असतं. आणि ज्या कंपनीनं गाण्यावर हरकत घेतली तिचाही, जरी तिला यातलं काही कधी कळणार नाही. तिनं ते गाणं बंद केलं नसतं तर खालचा आवाज शोधायची कोणाला आठवण झाली असती?

व्हिडिओ विलासच्या पेजवर आहे. खाली मधुराचं नाव आहे. गाण्यासह होता तेव्हाएवढे लोक तो बघत नाहीत, पण खोल्या भरतात. मध्यंतरी मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा एक पुण्याचा पाहुणा मोबाइल कानाला लावून म्हणत होता, "अहो, याला आवाजच नाही. तुमचं काहीतरी बिघडलंय."

विलास सोलकढीचे पेले मांडत होता. त्यानं ते नीट मांडले आणि पाहुण्यांशी बोलायची आपली स्वच्छ मराठी काढून म्हणाला, "बिघडलेलं नाही, साहेब. आवाज आमच्या मालकीचा नाही."